कोणी बाहेर असेपर्यंत

मे महिन्यातला गुरुवार होता आणि मी एक नवा कॉम्प्युटर पोचवायला निघालो होतो. या गोष्टीची सुरुवात एवढीच. तो दिवा जरा जवळ सरकवा, ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर मला बोलणं सुचत नाही.

पोर्ट टॅरनमध्ये माझं दुरुस्तीचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. आधी फ्रिज आणि रेडिओ यायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. गावात ज्याचं बटण दाबून काही होत नाही ते सगळं माझ्याकडे येतं, आणि ज्याच्यापुढे मी हात टेकतो ते कचऱ्यात जातं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. यंत्र बिघडतं ते धुळीने, ओलीने नाहीतर मालकाच्या मूर्खपणाने, चौथं कारण मी आजवर पाहिलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. त्या गुरुवारपासून सांगत नाही.

गावाच्या टोकाला, कड्यावर, कोराली पेनहेलचं घर आहे. त्याच्या पलीकडे नुसतं आखात. कोराली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि अजूनही रोज पहाटे पाचला उठून समोरच्या खोलीतल्या रेडिओपाशी बसायची. आमच्याकडे छोट्या बोटी घेऊन मासे धरायला जाणाऱ्यांची एक रीत आहे. निघताना रेडिओवरून कोरालीला सांगायचं: बोटीचं नाव, माणसं किती, जाणार कुठे, परत कधी. आणि धक्क्याला लागलं की सांगायचं, "आत." वेळ टळून गेली आणि 'आत' आलं नाही, तर कोराली बचावाची बोट पाठवते. सव्वीस वर्षं ती हे काम करत होती. पगार नाही, सुट्टी नाही. या किनाऱ्यावर जिवंत असलेले निदान अकरा जण मला ठाऊक आहेत, जे त्या खोलीतल्या दोन जुन्या वस्तूंमुळे जिवंत आहेत: एक कोराली, दुसरा तिचा कॉम्प्युटर.

तो कॉम्प्युटर म्हणजे तिच्या नवऱ्याची, केल्विनची करामत. केल्विन रेल्वेत सिग्नलमन होता. गव्हाच्या गाड्यांची ती लाइन बंद पडली तेव्हा घरी बसलेल्या या माणसाने पुस्तकं मागवून प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं, आणि बायकोच्या वहीच्या जागी हे यंत्र उभं केलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, बस. पण त्यात सिग्नलमनचं डोकं होतं. पुढची लाइन मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय हिरवा दिवा द्यायचा नाही, हे त्याच्या रक्तात मुरलेलं. बोटीची परतायची वेळ टळली की यंत्र ओरडायला लागायचं आणि 'आत' लिहीपर्यंत, नाहीतर कोणी मुद्दाम गप्प करायची कळ दाबेपर्यंत, थांबायचं नाही. आणि एकही बोट बाहेर असेल तर ते बंदच व्हायचं नाही. बंद करायला गेलात तर पडद्यावर केल्विनने लिहून ठेवलेलं वाक्य यायचं: "कोरा, अजून कोणीतरी बाहेर आहे. चहा टाक."

त्या माणसाला थट्टेशिवाय एक ओळ लिहिता येत नसे. तो गेला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. टोमॅटोच्या वाफ्यात खाली बसला तो उठलाच नाही. खरं सांगायचं तर त्याच्या हयातीत मला त्याचा हेवा वाटायचा. मी पदविका घेतलेला माणूस, आणि त्याने पुस्तकं वाचून केलेलं काम मला जमलं नसतं.

पण यंत्र म्हातारं झालं होतं. पांढरा डबा चहाबाज माणसाच्या दातांसारखा पिवळा पडलेला. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली. पंखा सुरू होताना खोकायचा. आतले भाग मिळेनासे झाले होते, दोनदा मी मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरचं काळीज काढून त्यात बसवलं होतं. शहरातल्या सागरी बचाव समितीने नवा कॉम्प्युटर पाठवला, नकाशासकट, चपटा, देखणा. कोरालीने मला सरळ विचारलं, "नेव्हिल, खरं सांग. हा ठेवू की बदलू?"

"बदल," मी म्हणालो. लक्षात ठेवा, बदल असं मीच म्हणालो होतो. एखाद्या दिवशी हा भर वादळात मान टाकेल आणि तेव्हा बाहेर कोणाचा तरी बाप असेल, हे माझं म्हणणं होतं. त्यात काही चूक होती असं आजही मला वाटत नाही.

एकच्या सुमाराला मी तिच्याकडे पोचलो. कोरालीने पास्टी, मटण-बटाटा भरलेली मोठी करंजी, गरम करून ठेवली होती. ती खाता खाता मी नवं यंत्र दुसऱ्या टेबलावर मांडलं, जुन्यातल्या नोंदी त्यात उतरवल्या. ठरलं असं, की आज दोन्ही यंत्रांवर नोंद करायची, सगळ्या बोटी आत आल्या की जुनं कायमचं बंद.

"रडणार नाहीस ना?" मी चिडवलं.

"तू गेलास तरी रडणार नाही," ती म्हणाली. "हे तर डबडं आहे." पण बोलताना तिने डबड्यावरचा पास्टीचा चुरा हाताने पुसून काढला.

दीड वाजता धुकं आलं. आमच्याकडे धुकं पहाटेचं, नऊ वाजता विरून जाणारं. दुपारचं धुकं क्वचित येतं आणि जुन्या लोकांना ते आवडत नाही. ते आखातावरून आलं, अजिबात वारा नसताना, आणि कडा चढून खिडकीला येऊन चिकटलं. अंगणातलं कपडे वाळत घालायचं, खांबावरचं फिरतं चाक दिसेनासं झालं. खोलीत ओल्या शेवाळाचा वास पसरला. कोरालीने भर दुपारी दिवा लावला.

बाहेर तेव्हा दोनच बोटी होत्या. एक 'पेलिकन', त्यात डार्सी नावाचा आमचा एक बडबड्या मित्र, एकटा. दुसरी 'लेझी ग्वेन', त्यात लेन ट्रेझाइज आणि त्याची बायको ग्वेन. ही ग्वेन म्हणजे कोरालीची धाकटी बहीण. बोटीला असलं नाव दिलं म्हणून तिने लेनशी दोन महिने अबोला धरला होता. दोन्ही बोटींनी परतायची वेळ तीनची दिली होती.

दोन वाजून बारा मिनिटांनी रेडिओ खरखरला. "कोरा, पेलिकन आत. आणि लेझी ग्वेन पण आत, माझ्या मागेच आहे. त्यांचा दोर मीच बांधलाय."

आता हे दुसऱ्याच्या वतीने 'आत' म्हणणं समजून घ्या, कारण आमचं घोडं तिथेच पेंड खातं. एखादा परत आला आणि 'आत' सांगायला विसरला, तर बचावाची बोट फुकट धावते. मग त्याचं नाव पबच्या फळ्यावर लिहितात आणि सगळ्यांची बिअर त्याच्या गळ्यात पडते. त्यामुळे जो आधी धक्क्याला लागतो तो मागच्याचीही वर्दी देऊन टाकतो, दोस्तीखात्यात. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात ना, तशी गत.

कोरालीने जुन्या यंत्रावर दोन्ही बोटी आत घेतल्या. मी नव्यावर घेतल्या. नव्याच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली: 'सर्व आत'. जुन्यावर ओळी पुसल्या गेल्या आणि खाली आलं, 'बाहेर: ०'.

"चला," कोराली म्हणाली.  मग तिने बंद करायचा हुकूम टाइप केला.

डबा आतून कुरकुरला. पडद्यावर ओळ आली.

"कोरा, अजून कोणीतरी बाहेर आहे. चहा टाक."

आणि वर: 'बाहेर: १. लेझी ग्वेन. माणसं: २.'

"तू पेलिकन दोनदा लिहिलंस वाटतं," मी म्हणालो. तिने पुन्हा लेझी ग्वेन आत घेतली. ओळ गेली. आम्ही दोघं बघत होतो. आत काहीतरी टकटकलं, एकदा, दोनदा… आणि ओळ परत आली. तिसऱ्यांदा मी स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर जपून. ओळ गेली. परत आली.

"डिस्क संपली," मी म्हणालो. "जुनी नोंद पुसली जात नाहीये. बघ, याच्यासाठीच मी बदल म्हणत होतो." मी टेबलामागे वाकून भिंतीतल्या प्लगला हात घातला. प्लग कोमट होता. पंख्याचा आवाज एकाएकी खाली आला, कोणीतरी श्वास रोखावा तसा.

"नेव्हिल. हात काढ."

"कोरा, अगं हे बिघडलंय…"

"इतक्या वर्षांत यानं आत असलेल्याला कधी बाहेर म्हटलंय?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"बाहेर असलेल्याला आत म्हटलंय?"

"नाही."

"आणि डार्सीनं?"

डार्सीने एकदा आपल्या मेव्हण्याला 'आत' म्हणून कळवलं होतं, तेव्हा मेव्हणा पित्ताशय काढायला इस्पितळात होता. मी प्लगवरचा हात काढला.

तिने ग्वेनच्या फोनवर रिंग दिली. वाजत राहिला. मग रेडिओ उचलला. "डार्सी, ग्वेनला दे जरा."

"इथं नाहीये. बोटीतच असतील दोघं."

"तू बघितलंस त्यांना?"

"बघितलं म्हणजे… मागून येत होती बोट. उभा होता एक जण, लेनच असणार. हात वर केला त्यानं. दोर फेकला, मी कडीत बांधला. धुकं पेजेसारखं झालंय, कोरा, मला माझे बूट दिसेनात."

"हाक मार."

रेडिओ चालूच राहिला. त्याच्या पावलांचा लाकडी आवाज लांब गेला. "लेन!… ए लेन, मेहुणी बोलावतेय रे!…"  आम्ही दोघं रेडिओच्या जाळीकडे बघत होतो. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता. पावलं परत आली, आता जरा भरभर.

"ओ देत नाहीत. गेले असतील वर गाडीकडे."

"गाडी बघ."

या वेळी तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "गाडी बोट उतरवायच्या उतारावरच आहे. मागचा ट्रेलर रिकामा आहे. बॉनेट थंड आहे, कोरा."

ती एक क्षण थांबली नाही.  तिने बचावाच्या बोटीच्या कप्तानबाईला, ब्रॉनविनला, बोलावलं. दरम्यान मी नव्या यंत्रावर मदतीची वर्दी द्यायला गेलो. ते अदबीने म्हणालं: कोणतीही बोट बाहेर नाही, सर्व आत. मी नाव दाबलं. सर्व आत. देखणं यंत्र होतं हो, पण त्याला सांगितलं ते त्याने ऐकलं होतं आणि समाधानाने बसलं होतं. जुन्याच्या पडद्यावर मात्र ती एक ओळ लुकलुकत होती, आणि ओळीच्या शेवटी, सकाळी कोरालीनेच लिहिलेलं, जायचं ठिकाण: बेलचरचा खडक.

"बेलचरच्या खडकाकडे जा," कोराली रेडिओवर म्हणाली. "दोन माणसं."

"दोन माणसं," ब्रॉनविन म्हणाली. "निघाले."

मग वाट बघणं. कोरालीने खरंच चहा टाकला, केल्विनने सांगितल्याप्रमाणे, आणि तो कोणी प्यायलं नाही. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, कडा नाही, पाणी नाही. बरोबर तीन वाजता जुनं यंत्र ओरडायला लागलं. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय, पण त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. लेन-ग्वेनची परतायची वेळ झाली होती. दर मिनिटाला ते म्हातारं डबडं, खोकत, गरम होत, धुळीचा करपट वास सोडत हाका मारत होतं, आणि शेजारी नवं यंत्र हिरवी खूण दाखवत गप्प होतं.  एकदा कोरालीने डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ओरड. ओरडत राहा."

तीन वीसला रेडिओ बोलला.

"सापडले. दोघंही." ब्रॉनविन धापा टाकत होती. "खडकाला घासून बोट उलटी झालीय. दोघं पालथ्या बोटीवर होते. लेननं ग्वेनची कॉलर धरून ठेवली होती, त्याची बोटं आम्हाला उलगडावी लागली. ग्वेन गार पडलीय, पण बोलतेय. अजून अर्धा तास गेला असता तर…" 

कोराली खुर्चीत मागे टेकली. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या पिवळ्या डबड्याकडे पाहिलं आणि मला लाज वाटली, हे मी कोणापाशी लपवत नाही. माझा हात प्लगवर होता. मी ओढणारच होतो. आमच्या दोघांत शहाणं कोण होतं ते उघड होतं.

एवढ्यात रेडिओ पुन्हा खरखरला. ब्रॉनविनच होती, पण आवाज खाली आलेला.

"कोरा, ग्वेन एक विचारतेय. डार्सी त्यांच्या जवळून गेला म्हणे. धुक्यातून इंजिन ऐकू आलं, त्यांनी हाका मारल्या, त्याला ऐकू नाही गेल्या. त्याच्या मागून दुसरी एक बोट गेली. इंजिनाचा आवाज नव्हता तिला. अगदी जवळून… दोन हातांवरून. आतल्या माणसानं यांच्याकडे बघून हात वर केला आणि… थांबला नाही. ग्वेन विचारतेय, ती बोट कोणाची?"

आमच्या रेडिओवर एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. डार्सी धक्क्यावर उभा राहून ऐकत होता.

"कोरा…" तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "मग मी बांधला तो दोर कोणाचा?"

खोलीत जुन्या यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता.

"आहे अजून?" कोरालीने विचारलं.

"आहे. कडीतच आहे. ताणलेला आहे." मग, "भरतीचं पाणी आत येतंय, कोरा. ज्याला बांधलाय ते धक्क्याकडे यायला हवं. दोर सैल पडायला हवा. हा ताणलाय… बाहेरच्या बाजूला. मी ओढून बघितला."

"मग?"

"पलीकडून कोणीतरी ओढला."

मला वाटलं, थट्टा करतोय. डार्सीला थट्टेची खोड आहे. पण त्याचे दात वाजत होते, ते आम्हाला रेडिओवर ऐकू येत होतं. आणि ब्रॉनविनची बोट त्याच धक्क्याकडे येत होती, दुसरा धक्का आम्हाला नाही. तिच्यात ग्वेन होती, ब्लँकेटात गुंडाळलेली.

कोरालीने जुन्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर एकच ओळ होती, लेझी ग्वेन, माणसं दोन. दुसरं काही नाही. मला तिचा विचार कळला. या किनाऱ्यावरचं जे कोणी पाण्यात होतं ते त्या पडद्यावर होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला होतं ते तिथे नव्हतं. निघताना त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"डार्सी," ती म्हणाली, "सोड तो दोर."

"मी?"

"तूच बांधलास ना? तूच सोड. कापू नकोस. नीट सोड. आणि काही बोलू नकोस."

रेडिओ त्याने चालू ठेवला होता, एकटं वाटू नये म्हणून असेल. लोखंडी कडीचा आवाज आला. गाठ ओली असणार, त्याला वेळ लागला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने गाठ सोडली, आणि पाण्यात दोर पडल्याचा आवाज आलाच नाही. लाकडावरून काहीतरी घासत, सावकाश, न थांबता गेलं. बराच वेळ जात राहिलं. छोट्या बोटीला असतो त्याच्या कितीतरी पट लांब असावा तो दोर.

"गेला," डार्सी म्हणाला, आणि मग तो मोठ्याने रडायला लागला, पन्नाशीचा माणूस.

चारला दहा कमी असताना ब्रॉनविन धक्क्याला लागली. लेनला दोघांनी धरून उतरवलं. ग्वेनने रेडिओ मागून घेतला. "ताई, मी आत," ती म्हणाली. "आणि त्या बोटीचं नाव मी बदलणार आहे." कोराली तेव्हा रडली. हसलीही, दोन्ही एकदम. तिने टाइप केलं: लेझी ग्वेन, आत, माणसं दोन. यंत्राचं ओरडणं थांबलं. ओळ पुसली गेली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. टकटक नाही, काही नाही. ओळ परत आली नाही. बाहेर: ०.

"ठेवायचा," कोराली म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "नवा पण राहू दे, दिसायला बरा आहे. पण हा जाणार नाही."

"मी हातसुद्धा लावणार नाही," मी म्हणालो.

ती कप विसळायला आत गेली. मी माझी हत्यारं गोळा करत होतो. बाहेर धुकं हलायला लागलं होतं, कपड्यांचं चाक पुन्हा दिसू लागलं होतं. तेव्हा डबा कुरकुरला. मी मान वळवली. कीबोर्डपाशी कोणी नव्हतं. पडद्यावर एक नवी ओळ उमटत होती, एकेक अक्षर, थांबत थांबत, नवखा माणूस टाइप करतो तशी.

'बाहेर: १.' बोटीच्या नावाची जागा रिकामी. जायच्या ठिकाणाची जागा रिकामी. 'माणसं: ०. परत येणार: २:१२.'

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. ती ओळ अजून आहे. केल्विनच्या यंत्रात परतायची फक्त वेळ लिहिता येते, तारीख लिहायला जागाच नाही. छोटी बोट रात्र काढायला बाहेर जाईल हे त्याच्या मनात आलं नसावं. त्यामुळे रोज दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी यंत्र ओरडतं आणि कोराली एक कळ दाबून त्याला गप्प करते. 'आत' असं ती कधी लिहीत नाही. शहरातल्या समितीने दोनदा पत्र पाठवलं की जुनं यंत्र काढून टाका. दोन्ही वेळा मी दुकानाच्या कागदावर उत्तर लिहिलं की तांत्रिक कारणाने ते बंद करता येत नाही, आणि ते अक्षरशः खरं आहे. कोणी बाहेर असेपर्यंत ते बंद होत नाही. भाग मिळवायला मी देशभर हिंडतो, दर सहा महिन्यांनी जाऊन त्याची धूळ काढतो. माझ्या हातून गेलेल्या हजारो यंत्रांत मी मान झुकवली असेल ती याच्यापुढेच. गावात आता कोणी दुसऱ्याच्या वतीने 'आत' म्हणत नाही, डार्सी तर मुळीच नाही. दुपारचं धुकं आलं की बोटी निघत नाहीत.

प्रोग्राम मी उतरवून आणला आणि दुकानात तीन आठवडे ओळ न ओळ वाचली. पुसलेली नोंद परत यावी असं त्यात काही नाही. आपणहून नोंद व्हावी असंही काही नाही. शेवटी मी तशीच नोंद स्वतः करून पाहिली. बोटीचं नाव रिकामं सोडलं, यंत्राने चालवून घेतलं. ठिकाण रिकामं सोडलं, तेही चाललं. मग माणसांच्या जागी शून्य टाकलं. ते मात्र यंत्र घेत नाही. कितीही वेळा टाका, घेत नाही. तिथे केल्विनने एक वाक्य लिहून ठेवलंय, बहुधा थट्टेनेच.

"मग बोट कोण चालवतंय?"